मट्टीच्या फळीवर शिंपल्याची नक्षी

पणजीच्या किंवा म्हापशाच्या वाद्यांच्या दुकानात जा आणि एपिफोन कंपनीची अलीकडची एखादी इलेक्ट्रिक गिटार हातात घ्या. मानेवर, तारांच्या बरोबर खाली, गडद तपकिरी लाकडाची एक पट्टी दिसेल. तिला फिंगरबोर्ड म्हणतात. माहितीपत्रकात त्या लाकडापुढे बहुधा ‘इंडियन लॉरेल’ असं लिहिलेलं असतं. नाव भारदस्त आहे, झाड मात्र घरचं. घाटावर त्याला ऐन म्हणतात आणि गोव्यात मट्टी. मगरीच्या पाठीसारखी चौकोनी भेगाळलेली साल असलेला हा वृक्ष डिचोली-सत्तरीच्या रानात हरघडी भेटतो. मट्टी हा गोव्याचा राज्यवृक्ष आहे. गेल्या काही वर्षांत जगभर कितीतरी पोरांनी पहिला सूर याच जातीच्या लाकडावर बोट दाबून काढला असेल!

खास मागणी देऊन घडवलेली, शिंपल्याच्या नक्षीने मढवलेली गिटार म्हटलं की डोळ्यांपुढे अमेरिका नाहीतर जपान येतं. पण तिचे भाग सुटे करून बघितले की लाकूड, शिंपला, लाख, बारीक करवत आणि नक्षी काढणारा हात हे सगळे धागे पेडणे, डिचोली आणि शेजारच्या सावंतवाडीपर्यंत येऊन पोचतात. मला या गोष्टीचा फार आनंद होतो, म्हणून हा गमतीजमतींचा फराळ.

ठिपक्यांत लपलेलं सारेगम

गिटारवरची सगळ्यात जुनी आणि साधी नक्षी म्हणजे मानेवरचे गोल ठिपके. तिसऱ्या, पाचव्या, सातव्या आणि नवव्या पडद्याच्या घरात एकेक, बाराव्यात दोन. पेटी वाजवणाऱ्याला हा नकाशा चटकन उलगडतो. मोकळी तार सा धरा. मग तिसरं घर कोमल गंधार, पाचवं मध्यम, सातवं पंचम, नववं शुद्ध धैवत आणि बारावं तार षड्ज. सात शुद्ध, चार कोमल, एक तीव्र मिळून आपले बारा स्वर, आणि गिटारची बारा घरं. दोन ठिपके जिथे असतात तिथे तार बरोबर अर्ध्यावर येते.

हे पडदे कुठे ठोकायचे याचं गणितही मजेदार आहे. तारेच्या लांबीला १७.८१७ ने भागायचं. जे येईल तेवढ्यावर पहिला पडदा. उरलेल्या लांबीला पुन्हा तेवढ्यानेच भागायचं, तिथे दुसरा. फेंडर कंपनीच्या गिटारची तार ६४८ मिलिमीटर असते, म्हणून तिचा पहिला पडदा साधारण ३६.४ मिलिमीटरवर येतो. जुने कारागीर १७.८१७ च्या ऐवजी सरळ १८ ने भागत. ही रीत ग्रंथात मांडणाऱ्यांत एक नाव आहे व्हिन्चेन्झो गॅलिली, ल्यूटवादक आणि संगीतशास्त्रज्ञ. दुर्बिणीतून गुरूचे चंद्र पाहणाऱ्या गॅलिलिओचे हे वडील. त्यांचा ग्रंथ छापला गेला १५८१ मध्ये. आणि त्याच वर्षी लिस्बनमध्ये बेल्शियोर दियाश नावाच्या कारागिराने एक गिटार घडवली, जी आज लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ म्युझिकच्या संग्रहालयात आहे. जगात टिकून राहिलेल्या सगळ्यात जुन्या गिटारांत तिची गणना होते. तेव्हा पोर्तुगीजांना गोवा बेट जिंकून ७१ वर्षं झाली होती.

आणखी एक. मानेच्या दर्शनी बाजूवरची नक्षी खुद्द वादकाला नीट दिसत नाही. त्याच्यासाठी मानेच्या वरच्या कडेवर बारीक टिंबं वेगळी बसवलेली असतात आणि तो त्यांच्याकडेच बघून वाजवतो. समोरची वेलबुट्टी ऐकणाऱ्यांसाठी!

नक्षी कानाला कळत नाही, हेच बरं

बिनविजेच्या गिटारमध्ये लाकडाचं वरचं पातळ पान थरथरतं आणि त्यातून आवाज येतो. त्या पानावर फार कोरीवकाम केलं तर आवाज दबतो. म्हणून तिथली सजावट कडेकडेने आणि मधल्या भोकाभोवती होते. भरीव इलेक्ट्रिक गिटारला ही अडचण नाही. तिच्या तारांची थरथर पिकअप टिपतो. पिकअप म्हणजे लोहचुंबक आणि त्याभोवती केसाएवढ्या बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. गिब्सन कंपनीच्या प्रसिद्ध जोड-पिकअपमध्ये एका वेटोळ्याला सुमारे ५,००० वेढे असतात. मग लाकडावर मोर काढा, वेल काढा, सबंध दशावतार काढा; आवाज आपल्या जागी राहतो. नक्षीकाराला इतकं मोकळं रान दुसऱ्या फार थोड्या वाद्यांनी दिलं आहे.

चुंबकाला तार कळायची तर ती पोलादाचीच हवी. नायलॉनची तार चढवली तर पिकअप मुका होतो. लोहखनिजावर पिढी पोसलेल्या डिचोलीकरांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

बाजारात रुजलेली पहिली इलेक्ट्रिक गिटार १९३२ ची, रिकनबॅकर मंडळींची. अॅल्युमिनियमची, मांडीवर आडवी ठेवून वाजवायची हवाईयन गिटार. रूपावरून तिला लोकांनी ‘फ्राइंग पॅन’ असं नाव ठेवलं. तिथून फक्त बावीस वर्षांत, १९५४ मध्ये, गिब्सनची काळीभोर ‘लेस पॉल कस्टम’ आली, मानेवर शिंपल्याच्या चौकोनी पट्ट्या मिरवत. वादक लेस पॉल यांना गिटार समारंभी काळ्या कोटासारखी रुबाबदार दिसायला हवी होती.

खऱ्या शिंपल्याचा खर्च परवडत नाही तिथे ‘पर्लॉइड’ येतं. म्हणजे मोत्याची झाक दिलेलं सेल्युलॉइड. जुन्या अकॉर्डियनची चमचमती बाजू आठवा, तेच हे. गिब्सनच्या नेहमीच्या लेस पॉलवरचे समलंब चौकोनही त्याचेच.

खिडकीतला शिंपला वेगळा, गिटारवरचा वेगळा

गोव्यातल्या जुन्या घरांना काचेऐवजी शिंपल्यांची तावदानं असत. लाकडी पट्ट्यांच्या खाचांत बसवलेले ते चपटे, दुधी शिंपले अजून काही घरांत आणि चर्चच्या खिडक्यांत शाबूत आहेत. हा प्लॅक्युना जातीचा शिंपला. झुआरीच्या काठी चिखलीच्या खाडीत आजही सापडतो. आता तो वन्यजीव संरक्षण कायद्याच्या यादीत आहे, त्यामुळे मनात आलं म्हणून काढून आणायचा नाही.

अनेकांना वाटतं गिटारवर हाच असतो. तसं नाही. गिटारवर लागतो मोत्याच्या कालवाचा शिंपला किंवा अॅबलोनी नावाच्या समुद्री गोगलगायीचं कवच. त्यांच्या आतल्या बाजूला अॅरागोनाइट या खनिजाच्या चकत्यांचे थर एकावर एक रचलेले असतात. एका चकतीची जाडी साधारण अर्धा मायक्रॉन. आपल्याला दिसणाऱ्या प्रकाशाची तरंगलांबी ०.४ ते ०.७ मायक्रॉन, म्हणजे जवळपास तेवढीच. म्हणून निरनिराळ्या थरांवरून परतणारे किरण एकमेकांत मिसळतात आणि गुलाबी, हिरवा, निळा असे रंग उमटतात. त्या शिंपल्यात हिरवा रंग असा वेगळा नसतोच. गिटार जरा तिरकी केली की रंग सरकतो तो यामुळे. न्यूझीलंडच्या अॅबलोनीत, तिथे तिला पाउआ म्हणतात, निळ्या-हिरव्याची अशी काही उधळण असते की बघत बसावं.

प्लॅक्युनाची रचना कॅल्साइटच्या सपाट पापुद्र्यांची. तो प्रकाश आरपार सोडतो. म्हणून त्याची जागा खिडकीत, आणि मोत्याच्या शिंपल्याची मंचावर.

करवत सोनाराची, काळजी डॉक्टरची

नक्षी बसवायची कशी? शिंपल्याचे साधारण दीड मिलिमीटर जाडीचे तुकडे घ्यायचे. त्यांवर कागदी आकृती चिकटवायची. मग सोनार वापरतात तसल्या दोऱ्याएवढ्या पात्याच्या करवतीने आकृतीच्या रेषेवरून कापत जायचं. शिंपला कडक आणि ठिसूळ. घाई केली की पातं तुटतं, नाहीतर शिंपल्याची पाकळी. मग तोच आकार लाकडावर अणकुचीदार सुईने आखायचा आणि तेवढाच खळगा खोदायचा. तुकडा बसवताना डिंक म्हणून इपॉक्सी, आणि त्यात त्याच लाकडाचा किंवा आबनुसाचा भुसा कालवायचा, म्हणजे फट राहिलीच तर डोळ्याला दिसत नाही. शेवटी सगळं घासून एकसपाट.

एकसपाट म्हटलं खरं, पण फिंगरबोर्ड सपाट नसतो. त्याला आडवा बाक असतो. म्हणून मोठा सलग तुकडा बसवला तर बाकाप्रमाणे घासताना त्याच्या दोन्ही कडा जास्त झिजतात आणि पातळ पडतात. शहाणा कारागीर मोठं चित्र लहान लहान तुकड्यांत मोडतो. वर फिंगरबोर्डची एकूण जाडी जेमतेम सहा मिलिमीटर, आणि त्यातच पडद्यांच्या खाचाही कापायच्या असतात. नक्षीची वेल या खाचेला ओलांडते तिथे कारागिराची खरी परीक्षा.

हे काम नेहमी तोंडाला मास्क बांधून, जमलं तर शिंपला ओला ठेवून करतात. त्याची बारीक पूड फुप्फुसाला फार वाईट. कोणी हौशी तरुण घरी करवत घेऊन बसणार असेल तर त्याने हे वाक्य दोनदा वाचावं.

चारशे वर्षांपूर्वीचं जडावकाम

लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात गोव्यात घडलेली सतराव्या शतकातली कपाटं आहेत. पोर्तुगीज त्यांना कोन्तादोर म्हणत: असंख्य छोट्या खणांचा उभा संदूक, चार पायांवर. सागवान किंवा शिसवीच्या अंगावर काळ्या आबनुसाची आणि पांढऱ्या हस्तिदंताची नक्षी, एकमेकांना छेदणारी वर्तुळंच वर्तुळं, जागोजाग पितळी खिळे. आणि पाय बघा! नागकन्या आणि मत्स्यकन्या कपाट पेलून उभ्या. गिऱ्हाईक पोर्तुगीज, मापं युरोपची, हात मात्र इथल्या सुताराचे. कल्पनाही त्याचीच, नाहीतर लिस्बनच्या सरदाराला नागकन्या कुठून सुचणार? जुन्या गोव्याच्या ख्रिस्ती कला संग्रहालयातही त्या काळच्या कारागिरीचे नमुने बघायला मिळतात.

मला विचाराल तर नक्षीदार गिटारचं खरं आजोळ या कपाटांत आहे. गडद लाकूड, फिकट जडाव, भूमितीच्या ओळी आणि मधेच जिवंत झालेला एखादा प्राणी. आजचा गिटार-नक्षीकार हेच व्याकरण वापरतो.

पेडणे-डिचोलीत गिटार उशिरा का पोचली?

कारण हे महाल पोर्तुगीजांच्या हाती उशिरा लागले. तिसवाडी १५१० ची, बार्देश-साष्टी १५४३ ची. डिचोली मात्र १७८० नंतर आणि पेडणे थेट १७८८ मध्ये. तोवर इथे सावंतवाडीच्या भोसल्यांचा अंमल. जुन्या काबिजादीत, म्हणजे तिसवाडी-बार्देश-साष्टीत, चर्चच्या शाळांतून व्हायोलिन आणि पाश्चात्त्य स्वरलिपी शिकवली जात होती, पुढे त्यातूनच मुंबईच्या चित्रपटसंगीताला गोमंतकीय वादकांची रांग मिळाली. त्या काळात पेडणे-डिचोलीतल्या देवळांत भजन, आरत्या, घुमट, शामेळ, दशावतारी काला यांचा ठेका चालू होता. पोर्तुगीज आले तेव्हाही तो थांबला नाही.

पेडणे महालातल्या मालपे गावच्या अंजनीबाई मालपेकर यांचं नाव इथे घ्यायलाच हवं. जन्म १८८३. भेंडीबाजार घराण्याच्या नझीर खाँसाहेबांकडे तालीम. राजा रविवर्म्यांच्या चित्रांना त्यांच्या रूपाने प्रेरणा दिली, कुमार गंधर्व आणि किशोरी आमोणकर त्यांच्याकडे शिकून गेले, आणि १९५८ मध्ये संगीत नाटक अकादमीचं रत्नसदस्यत्व मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री ठरल्या.

गाणाऱ्याच्या मागे तंबोरा आला, आणि तंबोरा म्हटला की मिरज. मिरजेच्या सतारमेकर मंडळींनी दीडशे वर्षांहून जास्त काळ तंबोऱ्याच्या गळ्यावर आणि भोपळ्याच्या कडेला पानं, वेली, पक्षी जडवले आहेत. पूर्वी हस्तिदंताचे, सांबरशिंगाचे. आता सेल्युलॉइड आणि प्लास्टिकचे. भोपळे पंढरपूर-मंगळवेढ्याकडचे. २०२४ मध्ये मिरजेच्या सतार आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. ज्या हाताने तंबोऱ्याच्या गळ्यावर राजहंस बसवला त्याला गिटारच्या मानेवर पोपट बसवायला नवं काही शिकावं लागणार नाही. त्याला तशी मागणी यावी, एवढंच मनापासून वाटतं.

वाद्यांचा कायद्याशी संबंध

घुमटावर पूर्वी घोरपडीचं कातडं ताणत. घोरपड संरक्षित झाली आणि बकऱ्याचं कातडं आलं. डिचोलीच्या कुंभारांचे घट तसेच, तोंड मात्र नवं. २०१९ मध्ये घुमट गोव्याचं राज्य वारसा वाद्य झालं, तेही या बदललेल्या कातड्यासकट. वाजवणाऱ्यांनी नाकं मुरडली, मग हात बसवला, आणि चतुर्थीच्या आरत्या पुन्हा दणाणल्या.

गिटारच्या वाट्यालाही हेच आलं. तार टेकते ती मानेवरची पट्टी पूर्वी हस्तिदंती असे. आता हाडाची किंवा कृत्रिम. मग पाळी आली शिसवीची. ब्राझिलियन शिसवी दुर्मीळ झाली तेव्हा, १९६९ मध्ये, अमेरिकेच्या मार्टिन कंपनीने आपल्या भारतीय शिसवीकडे मोर्चा वळवला. सह्याद्रीच्या रानातली ही शिसवी तेव्हापासून जगभरच्या गिटारांच्या पाठीवर आणि मानेवर विराजमान आहे. २ जानेवारी २०१७ पासून आंतरराष्ट्रीय करारानुसार शिसवीच्या सगळ्या जातींच्या व्यापाराला परवाने लागू झाले, तेव्हा गिटार कंपन्यांची धावपळ उडाली. फेंडरने मेक्सिकोत बनणाऱ्या गिटारांवर दुसरं लाकूड लावलं. इतर ठिकाणी आपल्या मट्टीच्या जातीला बोलावणं गेलं ते याच सुमाराला. २६ नोव्हेंबर २०१९ पासून ब्राझिलियन सोडून इतर शिसवीच्या तयार वाद्यांना सूट मिळाली. म्हणजे ५ जानेवारी २०२३ ला पेडण्याच्या मोपा विमानतळावरून पहिली विमानं उडाली तोवर शिसवीच्या गिटार परदेशी विकायला पाठवणाऱ्यांची ती डोकेदुखी सरली होती.

यातला सगळ्यात खमंग किस्सा २०११ चा. त्या वर्षी २४ ऑगस्टला अमेरिकी सरकारच्या सशस्त्र अधिकाऱ्यांनी गिब्सनच्या नॅशव्हिल आणि मेम्फिसच्या कारखान्यांवर छापा घातला. जप्त काय केलं? भारतातून आलेल्या शिसवी आणि आबनुसाच्या फिंगरबोर्डच्या फळ्या. भारतीय कायद्याप्रमाणे ठरावीक जाडीपुढचं कापीव लाकूड निर्यात करता येत नाही, आणि फळ्या मिलिमीटरच्या हिशेबात अडकल्या! वर्षभराने तडजोड झाली. मादागास्करच्या आबनुसाचं जुनं प्रकरणही त्यात होतं. गिब्सनने ३ लाख डॉलर दंड भरला आणि ५० हजार डॉलर निसर्गसंवर्धनाला दिले. भारतीय लाकूड मात्र कंपनीला परत मिळालं.

लांडगा, वाघ आणि ड्रॅगन

१९३३ मध्ये गाणारा काउबॉय जीन ऑट्री याने मार्टिनकडून खास गिटार करून घेतली आणि तिच्या मानेवर शिंपल्याच्या अक्षरांत स्वतःचं नाव लिहवलं. मार्टिनची ती पहिली डी-४५. आपली भांड्यांवर नाव घालायची रीत, फक्त लय दूर टेक्सासच्या माणसाने पाळलेली.

१९९२ मध्ये पॉल रीड स्मिथ यांच्या कंपनीने फक्त ५० ‘ड्रॅगन’ गिटार काढल्या. मानेवर वळसे घेणारा ड्रॅगन २०१ तुकड्यांचा. पुढच्या वर्षी २१८ तुकडे, त्याच्या पुढच्या वर्षी ४३८! याच कंपनीच्या नेहमीच्या गिटारांवर ठिपक्यांच्या जागी उडते पक्षी असतात, कारण स्मिथ यांच्या आईला पक्षीनिरीक्षणाचा छंद होता आणि चित्रं तिच्या पुस्तकातली.

ग्रेटफुल डेड या अमेरिकी बँडचा जेरी गार्सिया हा तर नक्षीदार गिटारचा राजाच. डग अर्विन या कारागिराने त्याला घडवून दिलेल्या एका गिटारवर त्याने लांडग्याचं गमतीचं स्टिकर चिकटवलं. पुढे गिटार दुरुस्तीला आली तेव्हा अर्विनने हुबेहूब तोच लांडगा लाकडात जडवून दिला. स्टिकरचं असं भाग्य क्वचितच उजळतं. तीच ‘वुल्फ’ २०१७ मध्ये १९ लाख डॉलरला विकली गेली, तेही एका सामाजिक संस्थेच्या मदतीसाठी. १९७९ ची ‘टायगर’ सहा किलोंच्या आसपास वजनाची. थर थर लाकडांची, अंगावर वाघ. गार्सियाने शेवटच्या मैफलीत, जुलै १९९५ मध्ये, अखेर तीच गळ्यात घेतली, कारण दुसरी ऐन वेळी रुसली होती.

त्या बँडच्या चाहत्यांच्या पिढीतले कितीतरी हिप्पी सत्तरच्या दशकात गोव्याच्या किनाऱ्यावर उतरले. हणजुणेत गर्दी वाढली तशी त्यांतले काही उत्तरेला पेडण्यात, हरमलला सरकले. आजही हरमलच्या वाळूवर सूर्य बुडताना ढोलांचं कोंडाळं जमतं आणि गिटार बाहेर निघतात. शापोरा नदीच्या दक्षिण काठी शिवोली. तिथल्या रेमो फर्नांडिस यांनी १९८४ मध्ये घरच्या घरी ‘गोवन क्रेझी’ हा अल्बम ध्वनिमुद्रित केला.

जाता जाता गोव्याच्या दुसऱ्या गिटारबद्दलही. फादो या गीतप्रकाराला साथ करणारी पोर्तुगीज गिटार बारा तारांची असते आणि तिच्या खुंट्या पंख्यासारख्या उलगडलेल्या. डोक्याचा आकार बघून घराणं ओळखायचं: शंखाचा वळसा असेल तर लिस्बन, अश्रूचा थेंब असेल तर कोइंब्रा. फोंड्याच्या सोनिया शिरसाट यांच्या फादोच्या मैफलीला जाल तेव्हा गाण्याबरोबर या गिटारच्या कडेचं शिंपलाकामही बघून घ्या.

गंजिफाचे बारा आणि पडद्याचे बारा

पेडण्याहून पत्रादेवीची हद्द ओलांडली की बांदा आणि पुढे सावंतवाडी. लाकडी फळं आणि लाखेचं रंगकाम यांची चितारआळी इथलीच. कातकामाच्या चरकावर फिरत्या लाकडाला लाखेची कांडी टेकवली की घर्षणाच्या उष्णतेने रंग वितळून बसतो. कुंकळ्ळीचे चितारीही असंच काम करतात. याच लाखेपासून होणारं शेलॅक स्पॅनिश गिटारवर बोटाएवढ्या बोळ्याने थरावर थर चढवतात, आणि ग्रामोफोनच्या जुन्या तबकड्याही त्याच्याच. लाखेच्या उत्पादनात भारत जगात पहिला.

सावंतवाडीची गंजिफा तर सगळ्यांना ठाऊक. गोल, हाताने रंगवलेले पत्ते. विसाव्या शतकात ही कला शेवटचे श्वास मोजत होती, तेव्हा शिवरामराजे आणि सत्त्वशीलादेवी भोसले यांनी राजवाड्यातच चिताऱ्यांना बसवून ती जगवली. दशावतारी गंजिफात दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येक रंगात बारा पाने: राजा, प्रधान आणि एक्क्यापासून दश्शीपर्यंत. एकूण १२० पाने.

आता बघा. पत्ते गोल, गिटारवरचे ठिपके गोल. एका रंगाची पाने बारा, सप्तकातले पडदे बारा! कोणी हिकमती वादकाने मट्टीच्या फिंगरबोर्डवर परशुरामाचा रंग जडवून घ्यावा. पहिल्या घरात एक परशू, दुसऱ्यात दोन, दहाव्यात दहा, अकराव्यात घोड्यावरचा प्रधान आणि बाराव्यात, तार षड्जावर, खुद्द राजा. वाजवणाऱ्याला घरं मोजायलाही सोपं. कोकणपट्टीच्या गिटारला यापेक्षा शोभणारी नक्षी मला तरी सुचत नाही, आणि ती काढू शकतील असे हात सावंतवाडीत आज काम करत आहेत.

गणपतीच्या देव्हाऱ्यामागची काव कलाही या कामाला चालेल. ओला चुना आणि तांबडी काव यांचे थर, वरचा थर खरवडला की लाल-पांढरी वेल उमटते. लाकडात तेच रक्तचंदनाच्या रंगाच्या लाकडाने साधता येईल.

पावसाळ्यात सांभाळायचं कसं

गिटारच्या लाकडाला हवेत ४५ ते ५५ टक्के आर्द्रता मानवते. गोव्याचा जुलै ८५ च्या वर असतो. लाकूड फुगतं, शिंपला फुगत नाही, आणि ताण येतो तो दोघांच्या मधल्या डिंकावर. म्हणून नक्षीची गिटार पावसाळ्यात भिंतीवर टांगू नका. कडक पेटीत, सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवा आणि पुड्या अधूनमधून वाळवत जा. किनाऱ्यावर वाजवून आल्यावर खारी हवा आणि घाम पोलादी तारांना गंजवतात, तेव्हा सुक्या सुती फडक्याने तारा आणि मान पुसून मगच पेटी बंद करा. लाकडाला खोबरेल लावू नका. ते कालांतराने खवट होतं आणि धूळ धरतं.

शिंपला मळला म्हणून समई घासायचं सामान काढलंत तर मात्र घात होईल. लिंबू, चिंच, आमसुलाचं पाणी, व्हिनेगर हे पितळेला लखलखीत करतं, पण शिंपला म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, आणि आम्ल त्याला विरघळवतं. वरचा एक थर गेला तरी रंगांचा खेळ मंदावतो. किंचित ओलसर मऊ कापड आणि लगेच कोरडं कापड, एवढंच त्याला पुरतं.